धारचा घाट की देवासचा माळ? रायफलीवरचा स्कोप निवडताना ‘किती एक्स’ नाही, आधी अंतर बघा

धुळ्याहून आग्रा रोड धरला, पळासनेर-सेंधवा मागे टाकलं आणि खलघाटला नर्मदा ओलांडली की धार जिल्हा लागतो. धामनोद, गुजरी करत गाडी गणपती घाट चढायला लागते. या घाटात वळणावर उभं राहून बघा, पुढचं चाळीस-पन्नास मीटरपलीकडे काही दिसत नाही. तोच रस्ता महू, इंदूर करत देवासला पोचतो. तिथल्या माताजींच्या टेकडीवरून खाली बघितलं तर माळव्याचं पठार सपाट पसरलेलं. सोयाबीन निघाल्यावर तीनशे मीटरवरचा बांध आणि त्यावर उभा माणूससुद्धा दिसतो.

एकाच रस्त्यावरची ही दोन अंतरं डोक्यात ठेवा. रायफलीवर कोणती साईट बसवायची, या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

हा विषय आपल्याकडे अधूनमधून निघतोच. शिरपूर, शहादा, चोपडा या पट्ट्यातली कितीतरी पोरं लष्करात, एसआरपीएफमध्ये, पोलिसात आहेत. कुणाचा भाचा महूच्या इन्फंट्री स्कूलमध्ये कोर्स करून येतो, कुणी इंदूरच्या बीएसएफच्या शस्त्र आणि युद्धकौशल्य शाळेत, म्हणजे सीएसडब्ल्यूटीत, जाऊन आलेला असतो. काहींच्या घरी आजोबांच्या वेळची लायसनची .३१५ बोर आहे. शाळकरी मुलं एअर रायफल शिकताहेत. आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: “किती एक्सचा घेऊ?”

प्रश्नच चुकीचा आहे. बरोबर प्रश्न तीन आहेत. किती अंतरावर बघायचंय? किती वेळात नेम धरायचाय? आणि समोर नेमकं काय आहे हे ओळखायचंय का? याची उत्तरं मिळाली की ‘एक्स’ आपोआप ठरतो.

जवळ म्हणजे किती, मध्यम म्हणजे किती?

जगभर चालणारी एकच व्याख्या नाही. पण कामापुरतं असं धरा: ५० मीटरच्या आत जवळ, ५० ते ३०० मीटर मध्यम, त्यापुढे लांब.

आपल्या लष्कराच्या हत्यारांकडे बघितलं तरी हीच वाटणी दिसते. पुण्याच्या एआरडीई या डीआरडीओच्या संस्थेने आराखडा केलेली ५.५६ मि.मी. कार्बाइन जवळच्या लढाईसाठी आहे, तिचा पल्ला साधारण २०० मीटर धरतात. अमेठीजवळ कोरव्याला बनणाऱ्या एके-२०३ चा प्रभावी पल्ला ३०० मीटर. २०१९ मध्ये पहिल्यांदा ७२,४०० नग मागवलेली सिग-७१६ ही ७.६२ बाय ५१ ची रायफल ५०० मीटरपर्यंत काम करते. हत्यार वेगळं, अंतर वेगळं, म्हणून वर बसणारी काचही वेगळी. कार्बाइनवर मोठी दुर्बीण लावणं म्हणजे सायकलीला ट्रॅक्टरचं चाक लावण्यासारखं.

अडचण येते ती मधल्या माणसाला. गस्तीवरचा जवान सकाळी घाटाच्या झाडीत असतो आणि दुपारी उघड्या माळावर. त्याला दोन्ही अंतरं सांभाळायची असतात, आणि बाजारातल्या निम्म्या साईट त्याच्यासाठीच बनवलेल्या आहेत.

आधी साधी साईट समजून घ्या

एनसीसीत गेलेल्यांना आठवत असेल: बॅक साईट, फोर साईटची टीप आणि टारगेट, तिन्ही एका रेषेत. याला तिकडे ‘शिस्त घेणं’ म्हणतात. ऐकायला सोपं आहे, पण डोळ्याची एक मर्यादा आहे. तो एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू स्पष्ट बघू शकतो. म्हणून उस्ताद सांगतात, नजर टीपवर ठेवा, टारगेट थोडं धूसर दिसलं तरी चालेल.

पंचविशीत हे जमतं. चाळिशी उलटली, जवळचा चष्मा लागला, की ती टीपच धूसर होते. वडिलांचा नेम अचानक का बिघडला, याचं कारण पुष्कळदा हात नसतात, डोळ्यातलं भिंग असतं.

संस्थानी काळातल्या शिकारी रायफली कुणी पाहिल्या असतील तर त्यांच्या नळीवर पत्र्याच्या घडीच्या पट्ट्या असायच्या. एक उथळ ‘व्ही’ कायम उभी, जवळच्या झटपट नेमासाठी. पुढच्या अंतरासाठी दुसरी पट्टी उचलायची. म्हणजे जवळ आणि मध्यमचं हे कोडं नवीन नाही. काच आली तरी कोडं तेच राहिलं.

रेड डॉट: जवळच्या कामाला पहिली पसंती

रेड डॉटमध्ये एक छोटा एलईडी असतो. त्याचा प्रकाश समोरच्या तिरप्या, लेप दिलेल्या काचेवरून परत डोळ्याकडे येतो आणि लाल ठिपका लांबवर टारगेटवरच टेकलाय असं वाटतं. इथेच त्याचा मोठा फायदा आहे. डोळ्याला तीन ठिकाणी बघावं लागत नाही. टारगेट बघायचं, ठिपका तिथे दिसतो. दोन्ही डोळे उघडे राहतात, आजूबाजूचं सगळं दिसत राहतं, आणि डोळा काचेच्या अगदी मधोमध नसला तरी जवळच्या अंतरावर फारसं बिघडत नाही.

हा वस्तू मोठी करून दाखवत नाही. म्हणजे ‘एक्स’ एकच.

घेताना ठिपक्याचा आकार बघा. तो एमओए या मापात लिहिलेला असतो. १ एमओए म्हणजे १०० मीटरवर सुमारे २.९ सेंटीमीटर. म्हणजे २ एमओएचा ठिपका १०० मीटरवर साधारण ६ सेंटीमीटर झाकतो आणि ३०० मीटरवर १७ सेंटीमीटर, जवळजवळ वीतभर. ६ एमओएचा ठिपका १०० मीटरवरच तेवढी जागा झाकतो. मोठा ठिपका पटकन सापडतो, लहान ठिपका बारीक नेमाला बरा. रायफलीसाठी बहुतेक जण २ च्या आसपास राहतात.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. डोळ्याला सिलिंड्रिकल नंबर असेल तर ठिपका गोल दिसत नाही. फुटल्यासारखा, चांदणीसारखा दिसतो. साईट खराब आहे असं समजून माणूस परत करायला जातो. खात्री करायची असेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून ठिपका बघा. तिथे गोल दिसला तर साईट ठीक आहे, दोष डोळ्यात आहे. मग चष्मा लावून बघा, उजेड कमी करा, नाहीतर खाली सांगितलेला प्रिझमचा प्रकार घ्या. त्यात खुणा काचेवर कोरलेल्या असतात, त्या फुटत नाहीत.

होलोग्राफिक, आणि तापमानाचा धडा

होलोग्राफिक साईट दिसायला रेड डॉटसारखीच, पण आत लेझर आणि होलोग्राम. मोठं वर्तुळ आणि मध्ये बारीक १ एमओएचा ठिपका, ही तिची ओळख. वर्तुळ जवळच्या नेमाला, ठिपका लांबच्या. पण बॅटरी ती जास्त खाते. चांगल्या रेड डॉटची बॅटरी वर्षानुवर्षं जाते, होलोग्राफिकची शेकड्यांत मोजण्याइतके तास.

याच प्रकारच्या साईटबद्दल २०१५ मध्ये अमेरिकेत मोठं प्रकरण झालं. कडक थंडीत आणि दमट उष्णतेत साईटचा नेम सरकतो, हे माहीत असूनही सरकारला सांगितलं नाही, असा आरोप ईओटेक आणि तिची मूळ कंपनी एल-३ यांच्यावर होता. शेवटी २.५६ कोटी डॉलर भरून तडजोड झाली. धडा एवढाच, की नाव मोठं असलं तरी आपल्या हवेत तपासून बघायचं. मे महिन्यात इकडे पारा चाळिशी पार करतो. उन्हात उभ्या जीपमध्ये पडलेली रायफल आणि पहाटेच्या गारठ्यातली रायफल, दोन्ही वेळा गोळी एकाच जागी लागते का? कागदावर बघितल्याशिवाय कळत नाही.

ठरलेली ३ किंवा ४ पट: माळरानाची सोय

आता देवासच्या बाजूला येऊ. ३०० मीटरवरचा माणूस उघड्या डोळ्याला काडीएवढा दिसतो. ४ पट मोठं करणाऱ्या साईटमधून तोच ७५ मीटरवर असल्यासारखा दिसतो. हिशोब सोपा आहे, अंतराला पटीने भागायचं.

पण लोकांना वाटतं मोठं दिसतं म्हणजे नेम चांगला लागतो. तसं नाही. मोठं दिसण्याचा खरा उपयोग ओळखण्यासाठी आहे. हातात काठी आहे की बंदूक? हालचाल रानडुकराची आहे की शेतात वाकलेल्या बाईची? पहाटे, संध्याकाळी अशा चुका होतात आणि त्यांना माफी नसते. ओळख पटल्याशिवाय बोट ट्रिगरवर जाऊ नये, हा पहिला नियम. त्या नियमाला मध्यम अंतरावर काचेची मदत लागते. मात्र शेतात काय हलतंय हे बघायला रायफल रोखू नका. त्यासाठी साधी हातातली दुर्बीण आहे.

प्रिझमच्या ३ ते ४ पटीच्या साईट आटोपशीर, दणकट असतात. त्यांचा त्रास दोन गोष्टींचा. एक, डोळा जवळ न्यावा लागतो. काही मॉडेलमध्ये तर जेमतेम ४ सेंटीमीटरवर. दुसरं, घाटात दहा मीटरवर एकदम कुणी समोर आलं तर ४ पटीतून फक्त शर्टाचं कापड दिसतं.

१ ते ६: दोन्ही जमतं, पण फुकट नाही

मग हल्ली ज्याची सगळीकडे चर्चा आहे तो प्रकार: १ पटीपासून सुरू होऊन ४, ६ किंवा ८ पटीपर्यंत फिरणारा स्कोप. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला एलपीव्हीओ म्हणतात. घाटात १ वर ठेवा, माळावर ६ वर न्या. ऐकायला एकदम झकास. पण किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते.

पहिली, वजन. माउंटसकट पाऊण किलोच्या आसपास जातं. लहान रेड डॉट त्याच्या पाव वजनात बसतो. दिवसभर खांद्यावर वागवणाऱ्याला हा फरक कळतो.

दुसरी, डोळ्याची जागा. समोरच्या भिंगाचा व्यास भागिले पट, एवढ्या रुंदीचा प्रकाशाचा झोत डोळ्याकडे येतो. २४ मि.मी. भिंग, ६ पट, म्हणजे ४ मि.मी. आणि ८ पटीवर फक्त ३. डोकं जरा हललं की कडेने काळी सावली येते. अंधारात आपली बाहुली ५ ते ७ मि.मी. उघडते, म्हणजे संध्याकाळी ८ पटीवर चित्र अंधूकच दिसणार. तिन्हीसांजेला पट कमी करा, उजेड वाढतो. फुकटचा उपाय आहे, पण फार थोडे वापरतात.

तिसरी, दृश्याची रुंदी. ६ पटीवर १०० मीटरवर साधारण ६ मीटर रुंदीचं चित्र दिसतं. तेच २० मीटरवर सव्वा मीटरही नाही. चुकून ६ वर ठेवून झाडीत शिरलात तर समोरचा सापडणारच नाही. म्हणून सवय एकच लावा: चालताना रिंग कायम १ वर. गरज पडली तर वाढवा, काम झालं की परत १.

रेड डॉटच्या मागे बाजूला वळणारं ३ पटीचं मॅग्निफायर लावणं हा मधला मार्ग. जवळ असताना ते बाजूला, लांब बघायचं तेव्हा समोर. जवळचं काम जास्त, लांबचं क्वचित, अशांना हे बरं. लांबचं जास्त असेल तर १ ते ६ घ्या.

आपल्या हवेचे दोन शत्रू

उन्हाळ्यात दुपारी काळ्या मातीवरून वाफा निघतात तेव्हा १० पटीतून टारगेट पाण्यात हलल्यासारखं दिसतं. पट वाढवली की हे हलणं, आणि हाताची थरथरही, तेवढीच वाढते. ३०० मीटरच्या आत ६ च्या वर जाण्याची गरज बहुतेकांना पडत नाही.

दुसरा शत्रू पाऊस. मांडूला पावसाळ्यात ढग अंगावरून जातात, तशा हवेत स्वस्त स्कोप आतून धुरकट होतो. आतली धूळ-वाफ पुसता येत नाही. नायट्रोजन भरलेला, पाण्यात बुडवून तपासलेला, असं लिहिलेलं नसेल तर हात लावू नका.

रात्रीचं म्हणाल तर ते वेगळंच गणित आहे. सिग-७१६ साठी रात्रीच्या साईट घेण्याचा सुमारे ६५९ कोटींचा करार संरक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये केला, यावरून त्या काचेचं मोल समजा. सामान्य लायसनधारकाने त्या वाटेला जाऊच नये.

झिरो: इथेच बहुतेक जण फसतात

कितीही महाग स्कोप असो, गोळी जिथे लागते आणि खूण जिथे दाखवते ते एक झालं नसेल तर तो शोभेचा. याला झिरो करणं म्हणतात. एका जागी टेकवून तीन ते पाच गोळ्या, त्यांचा मध्य शोधायचा, मग क्लिक फिरवायचे. ०.१ मिलचा एक क्लिक म्हणजे १०० मीटरवर १ सेंटीमीटर. पाव एमओएचा असेल तर साधारण ०.७ सेंटीमीटर. एका गोळीवरून क्लिक फिरवणारा दिवसभर फिरवतच राहतो.

अजून एक. साईट नळीच्या वर बसते, आधुनिक रायफलीवर साधारण साडेसहा सेंटीमीटर. ५० मीटरवर झिरो केलेली रायफल १० मीटरवर सुमारे ५ सेंटीमीटर खाली मारते. जवळच्या अंतरावर गोळी ‘खाली का गेली’ याचं उत्तर हेच.

आणि नेम अचानक भलतीकडे जायला लागला तर आधी स्क्रू बघा. रिंग ढिली असते, दोष स्कोपला लागतो. स्क्रू पान्याने ताकद लावून आवळू नका, मापाचा पाना वापरा, खूण करून ठेवा. पडली, आपटली, प्रवास झाला, की पुन्हा कागदावर तपासा.

ऑलिम्पिकमध्येसुद्धा हे घडलंय. २००८ ला बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राचा फायनलआधीचा चाचणीचा छर्रा भलतीकडे गेला. साईट कुणीतरी हलवली असावी, असं त्यांनी पुढे आत्मचरित्रात लिहिलं. घाबरले नाहीत, क्लिक फिरवले, आणि शेवटचा नेम १०.८ चा मारून सुवर्ण घेतलं. क्लिकचा हिशोब तोंडपाठ होता म्हणून.

लायसनवाले आणि एअर रायफलवाले, तुमच्यासाठी

.३१५ बोरवर स्कोप बसवायचा विचार असेल तर दोनदा विचार करा. ती जुन्या ली-एनफिल्डच्या धाटणीची. काडतुसं वरून भरतात, रिकामं टरफलही तिकडूनच निघतं, आणि बहुतेकींवर रेल नसते. कुठल्याही मिस्त्रीकडून भोकं पाडून घेऊ नका, लायसनच्या अधिकृत आर्मररकडेच जा. दणका जोराचा असतो, म्हणून डोळा काचेपासून ८ ते १० सेंटीमीटर लांब राहील असा स्कोप हवा. नाहीतर भुवईवर चंद्रकोर उमटते आणि टाके पडतात.

एअर रायफलवर स्वस्तातला बंदुकीचा स्कोप लावू नका. स्प्रिंगची एअर रायफल मागे आणि पुढे असे दोन झटके देते, साधा स्कोप त्याने फुटतो. शिवाय बंदुकीचा स्कोप साधारण १०० मीटरसाठी बसवलेला असतो. १० मीटरवर चित्र धूसर येतं आणि डोळा हलला की खूण सरकते. याला पॅरलॅक्स म्हणतात. समोरचं भिंग फिरवून १० मीटरवर आणता येईल असाच घ्या.

कायद्याचंही लक्षात असू द्या. २० ज्यूलपेक्षा जास्त ताकदीच्या किंवा .१७७ पेक्षा मोठ्या बोरच्या एअर रायफलीला लायसन लागतं. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरावर, रोह्यावर सुद्धा वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय गोळी झाडणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आणि लग्नात हवेत बार काढणं २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचं काम आहे. हवेत गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच.

थोडक्यात काय घ्यायचं?

काम ५० मीटरच्या आत, वेळ कमी: २ एमओएचा रेड डॉट.
जवळचं जास्त, कधीमधी २०० मीटर: रेड डॉट आणि वळणारं मॅग्निफायर.
घाट आणि माळ दोन्ही, ओळख पटवणं महत्त्वाचं: १ ते ६, चालताना १ वर.
मुख्यतः १०० ते ३०० मीटर, दणकटपणा हवा: ३ किंवा ४ पटीची प्रिझम साईट.
डोळ्याला सिलिंड्रिकल नंबर: काचेवर कोरलेली खूण.

बजेट करताना सगळे पैसे काचेत घालू नका. चांगलं माउंट आणि सरावाची काडतुसं यांचा वाटा आधी बाजूला काढा.

शेवटी एक गोष्ट. ५० मीटर रायफलच्या ऑलिम्पिक स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही. मागे बारीक भोक, पुढे एक कडं, बस्स. आणि दहाचं वर्तुळ १०.४ मि.मी.चं. त्याच साध्या साईटवर कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य आणलं. त्याआधी हांगझोऊच्या एशियाडमध्ये त्याच्या सोबतीने सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्यांत ऐश्वर्यप्रताप सिंह तोमर होता, धारला लागून असलेल्या खरगोन जिल्ह्याचा. २०१२ ला लंडनमध्ये पिस्तुलाचं रौप्य आणणारा विजय कुमार तर महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्येच तयार झाला, धार आणि देवासच्या मधोमध.

स्कोप दूरचं जवळ आणतो. थरथरता हात, रोखलेला श्वास आणि घाईतलं बोट तो सावरत नाही. ते रेंजवर, उस्तादासमोर, रोज थोडं थोडं सावरावं लागतं. आधी ते करा, मग दुकानात जा.